डाइव्ह बोटीवरची पेटी

१
मालवण जेटी, डिसेंबर, सकाळी सातचा सुमार. पर्यटक अजून टपरीवर चहा पीत आहेत. विशीतला एक मुलगा खांद्यावर सिलिंडर घेऊन ओल्या फळीवरून होडीत चढतो, रिकाम्या हाताने परत येतो, पुन्हा सिलिंडर उचलतो. स्कूबासाठी बऱ्याच ठिकाणी वापरतात ते ॲल्युमिनियमचे सिलिंडर भरल्यावर साधारण १७ किलोचे होते. पर्यटक येतील तोवर सगळी सिलिंडरे ओळीने बांधून झालेली असतील. ती तिथे कशी आली, हे कोणी विचारणार नाही.

२
स्कूबाच्या बोटीवर टिप किती द्यावी, हे बरेच जण विचारतात. कोणाकोणाला द्यावी, हे फार थोडे.

३
सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामाला १६६४ मध्ये सुरुवात झाली. आज त्याच्या तटाजवळच्या उथळ पाण्यात रोज कितीतरी माणसे आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतात. त्यांतल्या अनेकांना पोहता येत नाही. त्यांचा हात धरून खाली नेणारी मुले बहुतेक इथल्याच मच्छीमार घरांतली. समुद्र त्यांनी वडिलांच्या होडीत बसून शिकला, डायव्हिंग नंतर.

४
एका डाइव्हमागची कामे, एका सकाळी नुसती उभे राहून पाहिलेली:
सिलिंडर भरणे. चढवणे. बांधणे. रेग्युलेटर जोडून हवा तपासणे. ओ-रिंग फाटली असेल तर बदलणे. वेटसूटची मापे काढणे. घाबरलेल्याशी बोलणे. शिशाचे पट्टे बांधणे. नांगर टाकणे. दोर धरणे. पाण्यावर येणारे बुडबुडे बघत राहणे. वर आलेल्याला शिडीवर ओढून घेणे. माणसे मोजणे. नांगर काढणे. होडी धुणे. सगळे सामान गोड्या पाण्यातून काढून वाळत घालणे.
पाहुण्याला यातले दिसते ते निम्मेही नाही.

५
कॉम्प्रेसरवरचा माणूस. तो पाण्यात उतरत नाही, फोटोत येत नाही, पाहुण्यांना भेटत नाही. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने हवा भरणे हे त्याचे काम. डिझेल इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे जाऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा बघायची, फिल्टर वेळेवर बदलायचा. धूर आत गेला तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला वास नसतो आणि खोलीवर तो जास्त घातक ठरतो.
पाण्याखालचा आपला प्रत्येक श्वास या माणसाने भरलेला असतो. टिपेच्या यादीत त्याचे नाव शेवटी येते, किंवा येतच नाही.

६
टिप चेहऱ्याकडे जाते. पाण्याखाली हात धरणारा, व्हिडिओ काढणारा, इंग्रजी किंवा हिंदी चांगली बोलणारा, हसरा. यांना मिळू नये असे मुळीच नाही. पण ओढीच्या पाण्यात तास-दीड तास होडी जागेवर धरून ठेवणारा तांडेल पाठमोरा असतो. निरोप घेताना पाहुण्यांना त्याची पाठच दिसलेली असते.

७
एका होडीवर एका पाहुण्याने आपल्या प्रशिक्षकाच्या हातात पाचशेची नोट ठेवली. त्याने ती घेतली आणि पाहुण्यासमोरच पत्र्याच्या पेटीत टाकली. पाहुणा म्हणाला, "अहो, ती तुम्हाला दिली." तो म्हणाला, "दादा, पेटयेतच जातत सगळे. वाटो सगळ्यांक सारखो."
पाहुण्याने आणखी दोनशे काढले आणि ते स्वतः पेटीत टाकले.

८
रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढताना जो दोराला हात लावतो त्याला मासळीत वाटा मिळतो. जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, माणसांचा वेगळा. कोणाच्या हाताला किती मासे लागले हे कोणी मोजत नाही, कारण जाळे एकच असते. डाइव्ह बोटीवरची पेटी याच हिशेबाने चालली तर किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

९
की लार्गो, फ्लोरिडा. १९६५ पासून तिथे उथळ समुद्रात हात उंचावलेला ख्रिस्ताचा पुतळा उभा आहे. तो पाहायला रोज बोटी भरून जातात. परतताना बोट किनाऱ्याला लागायच्या आत टिपेची बादली किंवा बरणी सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली असते. साधारण रूढी अशी की एका सिलिंडरमागे पाच ते दहा डॉलर. दोन डाइव्ह असतील तर दुप्पट. पाहुणे पैसे घरूनच मोजून आणतात. कोणी लाजत नाही, कोणी घासाघीस करत नाही.

१०
अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा केंद्रीय किमान रोख पगार तासाला २.१३ डॉलर आहे. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. अनेक राज्यांनी आपापला आकडा वाढवला आहे, केंद्राचा तिथेच आहे.

११
ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून किमान पगार तासाला २४.१० ऑस्ट्रेलियन डॉलर होता. ग्रेट बॅरिअर रीफला नेणाऱ्या बोटींवर टिपेची अपेक्षा नसते. दिली तर आनंदाने घेतात, नाही दिली तर कोणाचे काही अडत नाही.

१२
जपानमध्ये, ओकिनावाच्या बोटीवरही, टिप देत नाहीत. वाकून आभार मानले की पुरे. पैसे पुढे केले तर समोरचा माणूस अवघडतो.

१३
तांबडा समुद्र. हुर्गाडा किंवा मार्सा आलमहून निघणाऱ्या सफारी बोटीवर आठवडाभर राहणे, खाणे, झोपणे, डाइव्ह सगळे बोटीवरच. शेवटच्या रात्री पाकिटे वाटली जातात. बऱ्याच बोटींवर गाइडचे पाकीट वेगळे, बाकी सगळ्या खलाशांचे मिळून एक.
समजा पाहुणे २०, खलाशी १२. प्रत्येकाने ८० युरो टाकले तर १,६०० युरो जमले. एकाच्या वाट्याला १३३. त्यात स्वयंपाकी आला, खोल्या झाडणारा आला, इंजिनवाला आला, रबरी होडी चालवणाराही आला. हा शेवटचा माणूस डायव्हरने वर सोडलेला नारिंगी फुगा लाटांमध्ये शोधत येतो आणि त्याला पाण्यातून उचलतो.
हिशेब मांडून पाहिला की ८० युरो फार वाटत नाहीत.

१४
इजिप्तमध्ये खलाशाला युरोची नाणी देऊ नका. परदेशी नाणी तिथे बदलून मिळत नाहीत, नोटाच बदलतात. हुर्गाड्याच्या हॉटेलांत कर्मचारी मूठभर नाणी घेऊन पाहुण्यांना विनवतात, "एवढी घ्या आणि एक नोट द्या." नाणी देणाऱ्याला आपण दिल्याचे समाधान मिळते. घेणाऱ्याच्या कामात एका कामाची भर पडते.

१५
इंडोनेशियात चुरगळलेली, शाईचा डाग पडलेली, जुन्या छपाईची डॉलरची नोट पैसे बदलणारे नाकारतात किंवा कमी भावाने घेतात. टिपेच्या नोटा वेगळ्या, कोरड्या, सपाट ठेवा. ओल्या खिशातून काढलेली नोट म्हणजे अर्धीच नोट.

१६
मालदीवच्या सफारीत मोठ्या बोटीबरोबर एक धोणी चालते. सिलिंडर, कॉम्प्रेसर, ओले सामान सगळे तिच्यावर. डाइव्हला पाहुणे धोणीत जातात, जेवायला मोठ्या बोटीवर येतात. गप्पा, ओळखी, फोटो सगळे मोठ्या बोटीवर. धोणीवरची माणसे रात्री कॉम्प्रेसर चालवतात आणि तिथेच झोपतात. टिपेची पेटी मोठ्या बोटीच्या जेवणघरात असते. ती फक्त तिथल्यांची की धोणीवाल्यांचीही, हे विचारून घ्या. विचारल्याने कोणी रागावत नाही.

१७
मालदीवच्या बिलात पर्यटन कर असतो, जुलै २०२५ पासून १७ टक्के. तो सरकारचा. दहा टक्के सेवाशुल्कही बहुधा असते. "सर्व्हिस लावली आहे ना, मग टिप कशाला" हे म्हणण्याआधी बिलातली ओळ वाचा. कर म्हणजे सेवा नव्हे.

१८
२५ जानेवारी १९९८. ग्रेट बॅरिअर रीफवर एक डाइव्ह बोट दुपारी परत निघाली. मोजणी चुकली होती. टॉम आणि आयलीन लोनर्गन हे अमेरिकन दांपत्य पाण्यातच राहिले. दोन दिवसांनी त्यांचे सामान बोटीवर सापडले तेव्हा हे लक्षात आले. ते दोघे कधीच मिळाले नाहीत.
बोटीवर तुमचे नाव दुसऱ्यांदा पुकारले तर वैतागू नका. हात वर करा आणि मोठ्याने "आहे" म्हणा.

१९
२ सप्टेंबर २०१९, पहाटे. कॅलिफोर्नियाजवळ सांता क्रूझ बेटाशी नांगरलेल्या 'कन्सेप्शन' या डाइव्ह बोटीला आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी, एकूण ३४ जण गेले. चौकशीत निघाले की रात्री फिरून पहारा देणारे कोणी नव्हते.
बोटीवर रात्री जागणारा माणूस असावा लागतो. सकाळी तो झोपलेला असतो, म्हणून पाहुण्यांना भेटत नाही.

२०
२४ मे २०२२. तारकर्ली. स्कूबा करून परतणारी होडी किनाऱ्याजवळ उलटली. होडीत २० पर्यटक होते. दोघांचा जीव गेला. हंगाम संपायला काहीच दिवस उरले होते.

२१
मे महिन्यात एका तांडेलाने समुद्राकडे बघून सांगितले, "आज नाय. उद्या बघूया." पुण्याहून आलेले कुटुंब चिडले. दुसरी होडी शोधायला निघून गेले. तांडेलाला त्या दिवशी काही मिळाले नाही, ना भाडे ना पेटी.
त्या दिवशी किनाऱ्यावरचा सर्वांत मोलाचा निर्णय त्याचा होता. माझ्या मते अशा माणसाला दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यावे आणि कशाबद्दल देतो आहोत ते सांगूनही द्यावे.

२२
ब्रीफिंग लांबले म्हणून टिप कमी करू नका. उलट ज्याने कान कसे मोकळे करायचे, दम कधीही रोखून धरायचा नाही, कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे तीन-तीनदा सांगितले, त्याला थोडी जास्तच द्या. दहा मीटरवर पाण्याचा दाब धरून एकूण दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे दम रोखून वर येणाऱ्याची फुप्फुसे फाटू शकतात. हे वाक्य ज्याने तुम्हाला घाबरवण्यासाठी नव्हे तर कळावे म्हणून सांगितले, त्याने आपले काम केले.

२३
पाणी गढूळ होते, कासव दिसले नाही, व्हेल शार्क आलाच नाही. यातली एकही गोष्ट खलाशाच्या हातची नाही.

२४
कशाबद्दल टिप देऊ नये:
मासे जमावेत म्हणून पाण्यात ब्रेड टाकल्याबद्दल. फोटोसाठी प्रवाळावर उभे राहू दिल्याबद्दल. तारामासा उचलून हातात दिल्याबद्दल. ठरल्यापेक्षा खोल नेल्याबद्दल. लाइफ जॅकेट काढू दिल्याबद्दल.
मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे आहे. तिथल्या प्रवाळावर पाय ठेवायला मिळावा म्हणून कोणी शंभर रुपये दिले, तर ती टिप नाही, लाच आहे. एकाने दिली की दुसऱ्या दिवशी दुसरा तेच मागतो. तिसऱ्या दिवशी नको म्हणणारा प्रशिक्षक पाहुण्यांना खडूस वाटू लागतो आणि त्याची पेटी रिकामी राहते.
आपण ज्यासाठी पैसे देतो, तसा समुद्र पुढच्याला मिळतो.

२५
पहिल्यांदाच स्कूबा करणाऱ्यासाठी पाडी या संस्थेने घातलेली मर्यादा १२ मीटर आहे. "अजून खाली चला ना" म्हणत नोट दाखवणारा पाहुणा आणि "नाही" म्हणणारा प्रशिक्षक, असा प्रसंग मी पाहिला आहे. नोट तशीच परत गेली. होडी किनाऱ्याला लागल्यावर बाकीच्या पाहुण्यांनी पेटीत घातलेले पैसे त्या नोटेपेक्षा जास्त होते.

२६
क्यूआर कोड. होडीच्या टपाच्या खांबाला चिकटवलेला. पाहुण्याने स्कॅन केले, "टिपपण यातच टाकतो," म्हणाला आणि समाधानाने उतरला. पैसे मालकाच्या खात्यात गेले. खलाशापर्यंत कधी आणि किती पोचले हे मालकाच्या मनावर.
टिप रोख द्या. ऑनलाइनच द्यायची असेल तर पेटी सांभाळणाऱ्याचा क्रमांक मागा.

२७
ब्रिटनमध्ये टिप पूर्णपणे आणि न्याय्य वाटणीने कामगारांपर्यंत पोचवण्याचा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. अमेरिकेत २०१८ पासून मालकाला आणि व्यवस्थापकाला टिपेत हात घालता येत नाही. आपल्याकडे २०२२ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेल-रेस्टॉरंटांनी बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये असे सांगितले, २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. यात ग्राहकाचे रक्षण झाले. खलाशाच्या वाट्याचे रक्षण अजून पेटीला लावलेले कुलूपच करते.

२८
महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. पर्यटकांच्या होड्या साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत ओढून ठेवलेल्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा, मग हळूहळू होड्या रंगवायला घ्यायच्या. म्हणजे डाइव्ह बोटीवरच्या मुलाचे वर्ष नऊ महिन्यांचे असते आणि घरातला चुलीचा खर्च बारा महिन्यांचा. डिसेंबरमध्ये पेटीत पडलेली नोट जुलैत मोडली जाते.

२९
"त्यांना पगार कमीच ठेवलाय, टिप भरपूर मिळते," असे एका मालकाने मला अभिमानाने सांगितले. पगार हा कामाचा, टिप ही पाहुण्याच्या खुशीची. एकाच्या जागी दुसरी ठेवली की मालकाने द्यायचा पगार पाहुणा भरतो आणि खलाशी रोज पाहुण्याचा चेहरा बघत बसतो. सुरक्षेसाठी "नाही" म्हणायची ताकद पगारातून येते, टिपेतून नाही.

३०
म्हणून बुकिंग करताना दराबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. खलाशांना महिन्याचा पगार आहे का? विमा आहे का? बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का? डायव्हिंगमधल्या गंभीर त्रासावर पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजन हाच आहे आणि तो द्यायला बोटीवर शिकलेला माणूस लागतो. तिन्हींची उत्तरे सरळ आली तर थोडा जास्त दर आनंदाने द्यावा. सर्वांत स्वस्त होडी कोणाच्या तरी पगारातून स्वस्त झालेली असते.

३१
बोट लागलेल्या पाहुण्याची ओकारी बादलीभर पाण्याने धुणाऱ्याचे नाव विचारून घ्या. दिवसभर त्याला "ए भाऊ" शिवाय कोणी हाक मारलेली नसते.

३२
वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते. अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून. त्या तीन मिनिटांत वर शिडी सोडली जाते, इंजिन न्यूट्रलमध्ये येते, कोणीतरी वाकून पाण्यात बघत राहते. आपल्याला वाटते आपण एकटे लटकलो आहोत.

३३
माझा स्वतःचा हिशेब, ज्याला पटेल त्याने घ्यावा. मालवण-तारकर्लीला एका माणसामागे शंभर ते दोनशे रुपये, पेटीत. चौघांचे कुटुंब असेल तर चौघांचे, घरटी एकदा नव्हे. अंदमान किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला दोन डाइव्हचा दिवस असेल तर तीनशे ते पाचशे. परदेशात सफारी बोटीवर भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास, आणि हे पैसे सहलीच्या अंदाजपत्रकात आधीच धरायचे. उरले तर देऊ, असे ठरवले की उरत नाहीत.

३४
विद्यार्थी आहात, पैसे जमवून आला आहात, देणे जमत नाही. मग आपले फिन्स आणि मास्क स्वतः धुवा. वेट बेल्ट फळीवर आपटू नका, हातात द्या. मालकाला चार ओळी लिहा आणि त्यात खलाशाचे नाव लिहा. पुढच्या हंगामात त्याला कामावर ठेवताना त्या ओळी उपयोगी पडतात.

३५
प्रशिक्षकाने खास काही केले असेल, पाण्यात घाबरलेल्या आईला शांत केले असेल, ऐंशीच्या आजोबांना नीट परत आणले असेल, तर त्याला वेगळे द्या. पण आधी पेटीत, मग त्याच्या हातात. क्रम चुकवू नका.

३६
यंदा कोकणात किंवा कुठेही डाइव्हला जाल तेव्हा सुट्या नोटा कोरड्या पिशवीत घालून न्या. होडीत चढतानाच विचारा, पेटी कुठे आहे आणि ती कोणाकोणाची आहे. पेटी नसेल तर मालकाला ठेवायला सांगा. चार पाहुण्यांनी मागितली तर पाचव्या दिवशी ती बसेल.